लिफ्टच्या जागेतला पाऊस

मातीवर टाकायची पावडर चालली असती तर धाकट्या भावजींना तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली म्हणजे बढती. सध्या ते कंपनीचा माल घेऊन अकरा दुकानं फिरत होते, पुढे अकरा फिरत्यांना फिरवणार होते. दुसरी, गार हवेची गाडी. तिच्यात बसलं की रस्त्यात ओळखीचा दिसला तरी काच खाली करावी लागत नाही, आतूनच मान हलवली की भागतं. तिसरी ते कोणाला सांगत नसत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होती. ती म्हणजे जेवणाच्या टेबलाशी शेवटचं वाक्य बोलायचा मान. गेली वीस वर्षं तो थोरल्या भावाकडे होता आणि थोरला भाऊ तो एका शब्दात उरकत असे. "बघू," म्हणायचा आणि हात धुवायला उठायचा.

या तिन्ही गोष्टी वहिनींच्या हातात होत्या, म्हणजे अक्षरशः हातात. वहिनी माती तपासायच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काम करत होत्या. तिथे त्यांना चाळणीबाई म्हणत. कुठल्याही शेतातली माती आली की आधी त्यांच्या चाळणीतून जायची आणि मगच मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचायची. त्यांच्या नोंदवहीत आजवर एकही आकडा खोडलेला नव्हता. साहेब पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना यंत्रांआधी ती वही दाखवत. वहिनी तेव्हा उगाचच टेबल पुसत राहत.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. नांगरून, वखरून मोकळं सोडलेलं रान असतं. त्यावर अजून एक पान उगवलेलं नसतं. अशा उघड्या मातीवर जोराचा पाऊस कोसळला की वरची बारीक ढेकळं फुटतात. फुटलेला चुरा मातीच्या भोकांत जाऊन बसतो, थेंब त्याला वरून चोपत राहतात आणि सगळ्या शेतावर एक पापुद्रा चढतो. पाणी आत मुरायचं सोडून वाहून जातं. पुढे ऊन पडलं की तोच पापुद्रा खापरीसारखा वाळतो आणि खालचं बी वर यायला वाट शोधत बसतं. आमची पांढरी पावडर पसरा, कंपनी म्हणत होती, ढेकूळ फुटायचं नाही.

"माझ्या दिराचा माल आहे," वहिनींनी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. "हे ट्रे दुसऱ्या कोणाला द्या."

"दुसरं कोण आहे? ढगोबा?"

ढगोबा दारातच उभा होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, आणि साऱ्या इमारतीत पाऊस पाडण्याचा अधिकार असलेला एकमेव माणूस. त्याने दोन्ही हात वर केले. "मला नळ उघडायला सांगा, साहेब. मोजायला सांगू नका. माझ्या मोजणीवर माझ्या बायकोचासुद्धा विश्वास नाही."

तेव्हा काम वहिनींकडेच आलं.

पाऊस पाडायची जागा ही त्या इमारतीची गंमत होती. इमारत बांधताना लिफ्टसाठी तळापासून गच्चीपर्यंत एक पोकळी सोडली होती. लिफ्ट काही आली नाही. साहेबांच्या आधीच्या साहेबांनी ती जागा फुकट जाऊ दिली नाही. तिसऱ्या मजल्यावर पत्र्याची टाकी बसवली, टाकीच्या बुडाला इंजेक्शनच्या शेकडो सुया लावल्या आणि तळमजल्यावर मातीचा ट्रे ठेवला. थेंब वरून निघाला की खाली पोचेपर्यंत खऱ्या पावसाइतकाच वेग घ्यायचा. ट्रेच्या खाली एक नळी होती, तिच्यातून मुरलेलं पाणी यायचं. एका बाजूला पन्हळ होती, तिच्यातून वाहून गेलेलं. दोन्ही पाणी मोजलं की मातीने किती प्यायलं आणि किती थुंकलं ते कळायचं.

"वरचा पाऊस पाडतो तेव्हा त्याला जिने चढावे लागत नाहीत," ढगोबा नळ उघडायला जाताना रोज म्हणायचा. वहिनी रोज हसायच्या. त्या दोघांचा तो नेम होता.

चाळीस ट्रे झाले. वीस नुसत्या मातीचे, वीस पावडरीचे. नुसत्या मातीच्या ट्रेमध्ये जे व्हायचं तेच झालं. पाच मिनिटांत वर चकचकीत थर आला आणि पन्हळीला धार लागली. पावडरीच्या ट्रेमध्ये मात्र पाऊस संपेपर्यंत माती रवाळच राहिली. नुसती माती पाचातला एक वाटा पाणी प्यायली होती, ही निम्म्याहून जास्त प्यायली. वहिनींनी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा ढगोबाला वाचायला लावलं आणि वहीत लिहिलं.

साहेबांना त्यातून काय मिळणार होतं तेही सांगायला हवं. तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी मृदाशास्त्रज्ञांची मोठी बैठक होती. तिथे चाळीस मिनिटं बोलायला मिळणं ही साहेबांची जुनी हौस होती. एवढ्या वर्षांत त्यांना दहाच्या वर कोणी दिली नव्हती. आता आकड्यांच्या जोरावर चाळीस मिळाली. साहेब नव्या चष्म्यासाठी डोळे तपासून आले.

आणि भावजींनी तर बैठकीचीही वाट पाहिली नाही. त्यांनी सहा पोती पावडर सरळ आपल्या सासरेबुवांच्या, म्हणजे मामांच्या, रानावर पोचवली.

"वहिनींच्या हातची मोजणी आहे," त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. "डोळे झाकून टाका."

सासरेबुवांनी डोळे झाकले, पावडर टाकली आणि वर कांद्याचं बी पेरलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. तासभर असा कोसळला की समोरचं घर दिसेना. मग आठवडाभर लख्ख ऊन. आणि त्यानंतरच्या रविवारी भावजी सकाळी सकाळी वहिनींच्या दारात. बूट चकचकीत, चेहरा मात्र उतरलेला.

"वहिनी, जरा चला माझ्याबरोबर. मामा उगाच घाबरलेत. तुम्ही नुसतं म्हणा, थोडा धीर धरा. तुमच्या तोंडून ऐकलं की गप्प बसतील."

"कांदा वर आला का?"

"येईल ना."

"भावजी, मी विचारलं, आला का?"

"तेच तर म्हणतोय मी, चला."

सासरेबुवा बांधावर उकिडवे बसले होते. वहिनींना बघून उठले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वहिनींना जड गेलं. "या ताई. तुमच्या मोजणीचं रान बघा. जावईबापूंनी डोळे झाकायला सांगितले होते. आता उघडू का?"

भावजी आभाळाकडे बघू लागले.

वहिनी रानात उतरल्या आणि वाकल्या. सव्वीस वर्षं त्यांनी माती चाळणीत पाहिली होती, तीच आता पायाखाली होती. आणि ती चोपून बसली होती. वरचा थर ताटलीसारखा सपाट, मधूनमधून तडकलेला. त्यांनी नखाने एक तुकडा उचलला. तो अख्खा निघाला, बिस्किटाएवढा जाड. खाली कांद्याचे कोंब होते. पांढरे, नाजूक, आकड्यासारखे वाकलेले. वर यायला डोकं लावलं होतं, वाट मिळाली नव्हती, म्हणून आडवेच वाढत चालले होते.

"पावडर कुठपर्यंत टाकली होती?" त्यांनी विचारलं.

"त्या कोपऱ्यापर्यंत. पुढे पोती संपली."

वहिनी कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. पावडर असलेली माती आणि नसलेली, दोन्हींवर तोच पापुद्रा. नखाने उचलला तर तसाच निघत होता. म्हणजे वीस ट्रे एक सांगत होते आणि रान दुसरंच. वहिनींना रानावर अविश्वास दाखवायचं काही कारण सापडेना.

मग त्यांना हिरवं दिसलं. रानाच्या मधून तिरकी, हातभर रुंद अशी एक पट्टी. तिच्यात कांदा नीट वर आला होता, दाट, सरळ. पट्टी पावडरीच्या भागातून जात होती आणि कोपऱ्यातल्या बिनपावडरीच्या भागातूनही. दोन्हीकडे सारखीच हिरवी.

"हे काय आहे?"

"ते होय," सासरेबुवा जरा ओशाळले. "इथून हौदाकडे पाईप नेला होता. जुना आहे, सगळीकडून झिरपतो. पेरणी झाल्यापासून पाऊस येईपर्यंत इथेच पडून होता. म्हटलं, बदलू कधीतरी."

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे एक प्लास्टिकची बाटली आली. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी उडवतात तसली, फवाऱ्याची. घरून नेलेली.

झालं होतं असं. पावडर इतकी हलकी होती की पंख्याखाली उडायची. पंखा बंद केला तर घाम मातीत पडायचा. म्हणून वहिनी पावडर पसरून झाली की त्या ट्रेवर फवारा मारायच्या, माती काळी दिसेपर्यंत. मग चहा घ्यायच्या आणि परत आल्या की ट्रे पावसाखाली सरकवायच्या. धूळ बसवायला पाणी मारायचं, हे प्रत्येक झाडणाऱ्या बाईला माहीत असतं. यात लिहून ठेवण्यासारखं काय होतं? नुसत्या मातीच्या ट्रेमध्ये उडण्यासारखं काही नव्हतंच, तेव्हा तिथे फवाराही नव्हता.

आणि कोरडं ढेकूळ एकदम भिजलं की काय होतं, हे वहिनींनी पेल्यात टाकून शंभर वेळा पाहिलं होतं. पाणी चहूबाजूंनी आत घुसतं, आतली हवा कोंडते आणि ढेकूळ आतूनच फुटतं. तेच ढेकूळ आधी हळूहळू ओलं केलं, तर हवेला बाहेर पडायला वेळ मिळतो. मग वरून थेंब कितीही आपटोत, ते सहज दाद देत नाही.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "बूट काढा."

"का?"

"झारी घ्यायचीय. आज, उद्या आणि परवा, ऊन उतरलं की सगळ्या रानावर हलकं पाणी. पापुद्रा मऊ झाला तर कोंब अजून वर येतील. जोरात ओतलंत तर पुन्हा चोपाल."

"आणि पावडरीचं काय?"

"ते उद्या सांगते. पण उत्तर मला आत्ताच माहीत आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही."

सासरेबुवांनी कुठूनतरी दोन झाऱ्या काढल्या. जावयाच्या हातात मोठी दिली.

सोमवारी वहिनींनी वीस ट्रे मांडले, पाच पाचाचे चार गट. कोरडी नुसती माती. कोरडी, पण पावडर टाकलेली. पावडर आणि फवारा. आणि शेवटी, ज्याचा आजवर कोणी विचारच केला नव्हता तो गट, नुसती माती आणि फवारा. पंखा बंद. ढगोबा दिवसभर जिने चढत उतरत होता.

"बाई, काय शोधताय?"

"माझी चूक."

"सापडली नाही तर?"

"सापडणार. कुठे ठेवलीय ते मला माहीत आहे."

संध्याकाळी पाण्याचे पेले ओळीने उभे होते. कोरड्या दोन्ही गटांना पापुद्रा, पावडर असो वा नसो. ओल्या दोन्ही गटांची माती रवाळ, पावडर असो वा नसो. चौथ्या गटात मुरलेलं पाणी तिसऱ्यापेक्षा घोटभर जास्तच भरलं. ढगोबाने पेला उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला आणि वरचा नळ घट्ट बंद आहे ना ते बघायला गेला. तो आधीच बंद होता.

वहिनींनी नोंदवही उघडली. पावडरीच्या वीस ओळींवर पट्टी ठेवून एकेक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'या ट्रेवर पावसाआधी पाण्याचा फवारा मारला होता. तेव्हा लिहायचं राहिलं.' खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

मंगळवारी साहेबांनी ती रेघ पाहिली आणि नवा चष्मा काढून ठेवला.

"बाई, हे काय?"

"जे आहे ते."

"पावडरीचा काहीच उपयोग नाही?"

"आहे की. पांढरी आहे. कुठे टाकली ते लगेच दिसतं."

साहेब हसले नाहीत. "हे गुरुवारनंतर सापडलं असतं तर?"

"सोमवारी सापडलंय, साहेब. तारीख घातलीय."

"फवाऱ्याचं तेव्हाच का नाही लिहिलं?"

"पंखा चालू होता तेही नाही लिहिलं. मला दोन्ही सारखंच वाटलं. चूक माझी, पुरी माझी. बैठकीत माझं नाव घेऊन सांगा."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "चाळीस मिनिटं आहेत माझ्याकडे, बाई. चाळीस मिनिटं मी लोकांना काय सांगू? की आमच्या बाईंनी इस्त्रीच्या बाटलीने पाणी मारलं?"

"हो. आणि पाऊस यायच्या आधी रान कोरडं ठणठणीत ठेवू नका, हळूच ओलं करून ठेवा. ज्यांना जमेल त्यांनी. आणि माती इतकी पिठासारखी करू नका. मोठी ढेकळं राहू द्या, वर पालापाचोळा राहू द्या." वहिनींनी वही त्यांच्याकडे सरकवली. "याला चाळीस मिनिटं लागत नाहीत, हे खरं."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि चारही गटांचे आकडे पहिल्यापासून वाचायला घेतले. चौथ्या गटाशी आले तेव्हा त्यांची मान जरा हलली. माणूस हौशी असला तरी मातीतलाच होता.

बुधवारी भावजी जेवायला आले. तीन संध्याकाळी झारी धरून तळहाताला फोड आले होते. ते बाजूला ठेवून त्यांनी बॅगेतून कागद काढला. फिरता माणूस तो, बंद दारासमोर उभा राहिला की खिडकी शोधणारच.

"वहिनी, मी सगळा विचार केलाय. तुमचे ट्रे खोटे नव्हते. पावडर आणि वरून पाणी, चाललं की नाही चाललं?"

"चाललं."

"मग पोत्यावर तेवढंच छापू. पावडर पसरा, वरून हलकं पाणी मारा. शेतकऱ्याचं रान वाचेल. कंपनी खूश. तुमच्या वहीतल्या रेघा पुसायला नकोत, माझी बढती जायला नको. यात खोटं काय आहे, दाखवा."

वहिनींनी भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "खोटं काही नाही. फक्त पावडर कशाला, तेवढं सांगा."

"म्हणजे?"

"पाण्यानेच काम होतंय, तर पावडर कशाला?"

भावजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की इतकी शिकलेली बाई आणि हे कळू नये. "वहिनी," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पाणी विकता येत नाही."

थोरला भाऊ जेवता जेवता थांबला. भावजी वाट बघत होते, की आता 'बघू' येणार आणि भाऊ हात धुवायला उठणार. तो उठला नाही.

"मामांच्या रानात किती वर आलं?" त्याने विचारलं.

"निम्म्याहून थोडं जास्त. अजून येतंय."

"आणि पोत्यावर तू छापशील ते वाचून उद्या दुसऱ्या कोणाचे मामा डोळे झाकतील. त्यांच्याकडे फवारायला पाणीच नसलं तर?"

भावजींनी कागदाची घडी केली. आधी दोन, मग चार. "तुम्ही दोघं मिळून माझं वाटोळं करा," ते म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी भात वाढून घेतला, तेव्हा वहिनींनी ते मनाला लावून घेतलं नाही.

"कंपनीला चारही गटांचे आकडे तुम्हीच नेऊन द्या," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेकडून टपालाने गेले तर तुम्ही लपवलं असं होईल. तुमच्या हातून गेले तर तुम्ही सांगितलं असं होईल."

"बढती मिळेल त्याने?"

"नाही."

"मग काय मिळेल?"

"नोकरी राहील."

भावजींनी घास संपवला. मग कागद बॅगेत टाकला आणि विचारलं, "आकड्यांची प्रत किती वाजता तयार असते?"

शेवटी या चुकीच्या भरपाईत कोणी काय भरलं ते एवढं. कंपनीने सर्वांत कमी भरलं. पोत्यावरचं शेताचं चित्र काढून कुंडीचं छापलं आणि पावडर घरातल्या झाडांसाठी विकायला काढली. साहेबांनी एकतीस मिनिटं भरली. चाळीसपैकी नऊच मिनिटं ते बोलले. लोकांनी नंतर जेवण सोडून त्यांना घेरलं, पण गेलेली एकतीस काही परत आली नाहीत. ढगोबाने तीन मजले भरले, किती वेळा ते त्याने मोजलं नाही. भावजींनी बढती आणि गाडी भरली. अकरा दुकानं तेवढी त्यांच्याकडे राहिली, आणि दुकानदार म्हणू लागले की हा माणूस स्वतःच्याच मालाबद्दल वाईट सांगतो, तेव्हा बाकीचं खरं असणार. वहिनींनी आठ शनिवार भरले. चाळीसच्या चाळीस ट्रे त्यांनी नव्याने केले, आणि या वेळी पंखा, चहा, खिडकी, सगळं लिहिलं.

सर्वांत जास्त मात्र त्याने भरलं, ज्याला यातून काहीच मिळणार नव्हतं. सासरेबुवांच्या रानाचा तिसरा हिस्सा उगवलाच नाही. वहिनींनी दोन दिवसांची रजा टाकली, हिरव्या पट्टीतली दाट रोपं उपटली आणि गुडघ्यांवर बसून मोकळ्या जागी एकेक लावली. सगळ्या रिकाम्या जागा मिळून अकरा वाफे होते. चार वाफे भरले आणि रोपं संपली. उरलेले सात सासरेबुवांनी तसेच सोडले.